मंडईचा निरोप : भावाची बोली आणि लघुसंदेश

लघुसंदेशाचा इतिहास बहुधा यंत्रापासून सांगितला जातो. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने आपल्या संगणकावरून व्होडाफोन कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छांचे दोन शब्द पाठविले. तो पहिला एसएमएस. पुढे २००६ मध्ये अमेरिकेत ट्विटरचा आरंभ झाला, २००९ मध्ये व्हॉट्सॲप निघाले, आणि दोघांचे खाजगी बोलणे शेकडोंच्या मेळाव्यात रूपांतरित झाले. यंत्राच्या इतिहासापुरती ही वंशावळ ठीक आहे. तथापि थोड्या शब्दांत, पुष्कळांना, रोजच्या रोज काही कळविण्याची गरज यंत्राने निर्माण केलेली नाही. ती बाजाराने निर्माण केली. आणि बाजाराने ती भागविण्याची स्वतःची भाषाही घडविली होती. पुण्याच्या मंडईचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे, कारण तेथे जुनी व नवी अशी दोन्ही साधने एकाच ओट्यावर भेटतात, आणि लघुसंदेश कोठे उपयोगी पडतो व कोठे फसतो याचे उत्तर यंत्राच्या गुणावगुणांत नसून अन्यत्र आहे, असे तेथे स्पष्ट दिसते.

इंग्रजी अमलाच्या पूर्वार्धात पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणात उघड्यावर भरत असे. त्यास छप्पर द्यावे ही नगरपालिकेची योजना. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते, आणि एवढा खर्च इमारतीवर करण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा म्हणून त्यांनी या योजनेस विरोध केला होता. विरोध मानला गेला नाही. शुक्रवार पेठेत १८८६ मध्ये दगडी इमारत उभी राहिली व मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्याच इमारतीस फुल्यांचे नाव देण्यात आले. ज्याने बांधू नका म्हटले त्याच्याच नावाने आज ती ओळखली जाते, हा इतिहासाचा विनोद पुणेकरांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. त्यांच्या तोंडी ती नुसती ‘मंडई’च राहिली.

इमारतीची रचना या विषयाशी अगदीच असंबद्ध नाही. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून चोहोंकडे फुटलेल्या शाखा, अशी ती बांधणी आहे. कोणत्याही शाखेतून निघालेला मनुष्य शेवटी मध्यभागी येतो, आणि त्याच्याबरोबर बातमीही येते. १९२४ पासून परिसरात लोकमान्यांचा पुतळा उभा आहे, त्याच्या आसपास सभा होत आल्या. गणेशोत्सवात शारदा-गजाननाच्या दर्शनास रीघ लागते. या सर्व वर्दळीतून ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्द जन्मला. पुणेकर तो थट्टेने वापरतात, परंतु थट्टेत निरीक्षण आहे. या विद्यापीठात पदवी नाही, पण परीक्षा रोज आहे : सांगितलेली बातमी खोटी ठरली तर सांगणाऱ्यास दुसऱ्या दिवशी त्याच गाळ्यावर, त्याच लोकांपुढे बसावयाचे असते.

आता या विद्यापीठाची भाषा पाहावी. बाजारात वाक्य पुरे करण्याची प्रथा नाही. ‘कांदा एकशेवीस-दीडशे, उठाव कमी’ एवढ्यात सगळा व्यवहार आला. कर्ता नाही, क्रियापद नाही, मापही नाही. हे एकशेवीस कशाचे? पुण्याच्या घाऊक बाजारात कांद्याचा भाव दहा किलोस बोलण्याची रीत आहे. लासलगावी तोच क्विंटलला बोलतात. पालेभाजीचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर निघतो. यास्तव एकच आकडा गाव बदलताच अर्थ बदलतो, माल बदलताच पुन्हा बदलतो, आणि तरीही बाजारात कोणाची फसगत होत नाही. कारण न उच्चारलेला अर्धा भाग बोलणारा व ऐकणारा ज्या जागी उभे आहेत ती जागा पुरवीत असते. ‘उठाव’, ‘आवक’, ‘मंदी’, ‘भाव फुटला’, ‘माल पडून आहे’ हे शब्द म्हणजे प्रत्येकी एकेका परिच्छेदाचा सारांश होत. व्याकरणकार यास अध्याहार म्हणेल. परंतु साहित्यातील अध्याहार हा लेखकाच्या मर्जीचा असतो, बाजारातील अध्याहार हा सामायिक ठिकाणाचा असतो. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

ठिकाण सामायिक नसेल तेव्हा काय होई? शेतकरी माल मोटारीने पाठवी व स्वतः गावी राही. परत येई ती अडत्याची ‘पट्टी’. चार बोटे रुंदीच्या त्या कागदावर डागांची संख्या, वजन, भाव, आणि मग वजावटीची उतरंड : अडत, हमाली, तोलाई, मोटारभाडे. उरलेली रक्कम तळाशी. १ जुलै १८७९ पासून हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले होते; ‘माल पाठवू नका’ वा ‘लवकर पाठवा’ एवढा निरोप त्यावरून जाऊ लागला. परंतु पट्टी आणि कार्ड ही दोन्ही साधने एका दिशेची. भाव ठरल्यावर तो कळे. ठरताना शेतकऱ्यास तेथे बोलण्यास जागा नव्हती. पट्टीवरील आकडा खरा की अडत्याने सोयीचा लिहिलेला, हे ताडून पाहण्यास शेजारच्या शेतकऱ्याची त्याच दिवसाची पट्टी मागून पाहणे हाच एक उपाय. गावच्या पारावर दोन पट्ट्या शेजारी ठेवून वाचल्या जात, तेव्हा खऱ्या अर्थाने बातमी तयार होई.

कारण भाव ही बाजारात उघड वस्तू नव्हतीच. ती राखण्याची वस्तू होती, आणि ती राखण्यासाठी स्वतंत्र भाषा होती. मोल्सवर्थच्या कोशात व्यापाऱ्यांच्या ‘नंदभाषे’ची नोंद आहे. तीत पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच, शेली म्हणजे सहा, पवित्र म्हणजे सात. गिऱ्हाइकासमोर दोन दुकानदारांनी ‘मुळू’ म्हटले तर गिऱ्हाइकाच्या कानी ध्वनी पडे, अर्थ पडत नसे. याहून पुढची पायरी म्हणजे रुमालाखालचा सौदा, ज्यास ‘हत्ता’ म्हणत : अडत्या व खरेदीदार कापडाखाली हातात हात घेत व बोटांच्या दाबाने आकडा सांगत. भोवती वीस माणसे उभी असली तरी भाव दोघांपलीकडे जात नसे. संदेशाचे लाघव येथे पराकोटीस पोहोचले आहे, एकही शब्द नाही; पण ते लाघव तिसऱ्यास वगळण्यासाठी आहे, आणि तो तिसरा बहुधा मालाचा धनी असे. १९३९ चा मुंबई इलाख्याचा बाजार कायदा आणि त्यानंतरचा १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो यामुळेच. कायदा झाला म्हणून रुमाल लगेच नाहीसा झाला नाही. वाशीच्या फळबाजारात हापूसचे सौदे रुमालाखाली होत असल्याच्या बातम्या एकविसाव्या शतकातही येत राहिल्या.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे पुण्याच्या चौकाचौकांतील वार्ताफलक. मंडळाने लावलेला काळा फळा, खडूने लिहिलेला मजकूर, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून नवा. निधन, अभिनंदन, सभेची वेळ, पाणी बंद राहणार असल्याची सूचना, आणि जागा उरल्यास एखादा टोमणा. फळ्याचे क्षेत्रफळ ठरलेले, म्हणून लेखकास काटकसर करावी लागते. चौक ठरलेला, म्हणून वाचक कोण हे त्यास ठाऊक असते. पुणेरी पाट्यांचे कौतुक पुष्कळ झाले, परंतु वार्ताफलकाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने गेलेले नाही. वस्तुतः लघुसंदेशाच्या सामाजिक जाळ्याचा अधिक जवळचा पूर्वज पाटी नव्हे, फळाच होय : पाटी कायम असते व हुकूम देते, फळा रोजचा असतो व त्याच्यापुढे उभे राहून लोक उत्तर देतात.

वृत्तपत्रांतील बाजारभावाचे सदर आणि आकाशवाणी यांनी भाव चौकाबाहेर नेला. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. मात्र वर्तमानपत्र कालचा भाव सांगे आणि आकाशवाणीस उलट प्रश्न विचारता येत नसे. घाऊक व्यापार दरम्यान शुक्रवार पेठेतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलला व मंडईत किरकोळ विक्री राहिली. त्यामुळे भाव ठरण्याची जागा आणि भाव सांगण्याची जागा पुण्यातच दोन झाल्या. गाळेवाल्यास पहाटे यार्डात जाऊन माल आणि बातमी दोन्ही उचलणे भाग पडले.

या पार्श्वभूमीवर भ्रमणध्वनी आला. त्याचा पहिला सार्वत्रिक उपयोग शब्दांचा नव्हताच. ‘मिस कॉल’ हा बिनशब्दांचा, बिनखर्चाचा संदेश होता : टेंपो पोहोचला की एक, माल उतरला की दोन. अर्थ आधी ठरलेला, खूण तेवढी पाठवावयाची. रुमालाखालच्या बोटांचे आणि याचे नाते सांगावयास नको. फरक इतकाच की येथे तिसरा वगळला जात नव्हता, पैसे वाचत होते.

एसएमएसच्या मर्यादेचा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. १९८५ च्या सुमारास जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांट याने संदेशाची लांबी १६० अक्षरे पुरेशी ठरेल असा निर्णय केला, आणि त्यासाठी त्याने आधार घेतला तो पोस्टकार्डांवरील व टेलेक्सवरील मजकुराच्या लांबीचा. म्हणजे पोस्टकार्ड येथेही वाडवडिलांच्या जागी आहेच. परंतु ही १६० अक्षरे रोमन लिपीची. संदेशाचे एकूण माप १,१२० बिट. रोमन अक्षरास सात बिट लागतात, देवनागरी चिन्हास सोळा. भागाकार केला की मराठीच्या वाट्यास ७० चिन्हे येतात, आणि त्यांत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र मोजली जातात. ‘कांद्याचा’ या शब्दास नऊ चिन्हे लागतात. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला तरी नऊच अक्षरे लागतात. तेव्हा मराठी शब्द लांब म्हणून जागा पुरत नाही हा समज खरा नाही. शब्द तेवढाच आहे, वाटणी अपुरी आहे. ‘आज पुणे बाजारात कांद्याला दहा किलोस १२० ते १५० रुपये भाव मिळाला असून उठाव कमी आहे’ हे सरळ वाक्य ८१ चिन्हांचे आहे, आणि सत्तरावे चिन्ह ‘उठाव’ या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडते. व्यापाऱ्यास जो शब्द सर्वांत अधिक हवा तोच एका संदेशाच्या मापाबाहेर राहतो. याउलट बाजाराचे तुटक वाक्य, ‘कांदा १२० ते १५० उठाव कमी’, पंचवीस चिन्हांत बसते. ग्रांथिक मराठीस अपुरे पडणारे माप मंडईच्या बोलीस ऐसपैस होते.

तथापि बहुसंख्य लोकांनी रोमन लिपीतील मराठीचा मार्ग पत्करला. त्यावर भाषाशुद्धीच्या बाजूने बराच शोक झाला. त्यास कारण नाही असे नाही, परंतु दोष लिहिणाऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे : तेव्हाच्या पुष्कळ फोनांवर देवनागरी उमटतच नसे, आणि उमटले तरी लांब संदेशास अधिक मोल पडे. ट्विटरने १६० तून वीस अक्षरे लेखकाच्या नावासाठी राखून १४० ची मर्यादा घातली. तेथे देवनागरीचे चिन्ह रोमन अक्षराइतकेच मोजले जाई, हा तुलनेने अधिक समान न्याय होता. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ती मर्यादा दुप्पट झाली. मंडईच्या व्यवहारात मात्र ट्विटर शिरले नाही. ते चव्हाट्यावर उभे राहून अनोळखी जगास उद्देशून बोलणे आहे. भाजीच्या व्यापारास अनोळखी जगाचा उपयोग थोडा.

भाव लघुसंदेशाने शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. २००७ च्या ऑक्टोबरात रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा सुरू झाली. वर्गणी भरणाऱ्या शेतकऱ्यास त्याच्या पिकाचे निवडक बाजारांतील भाव, हवामान व सल्ला मराठीतून एसएमएसने मिळे. तिच्याविषयी अपेक्षा मोठ्या होत्या, आणि त्यांस आधारही होता. रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या मच्छिमारांचा अभ्यास २००७ मध्येच प्रसिद्ध केला होता. १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर मोबाइल आल्यानंतर निरनिराळ्या बंदरांतील तारलीच्या भावांतील तफावत झपाट्याने कमी झाली व माल फुकट जाणे जवळजवळ थांबले, असा त्यांचा निष्कर्ष होता. महाराष्ट्रात मार्सेल फाशां व बार्ट मिंटेन यांनी शंभर गावांत चिठ्ठ्या टाकून गट पाडले, काहींस सेवा दिली, काहींस दिली नाही, आणि तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता : शेतकऱ्यास मिळालेल्या भावात सरासरीने लक्षणीय फरक पडलेला आढळला नाही. माल कोठे न्यावा व प्रतवारी कशी करावी यांवर काही परिणाम दिसला, परंतु तो अल्प.

या दोन निष्कर्षांत विसंगती आहे असे वाटते, पण ती वरवरची आहे. केरळचा मच्छिमार समुद्रात होडीवर असतानाच ओळखीच्या व्यापाऱ्यास विचारी, उत्तर घेई, घासाघीस करी आणि सुकाणू वळवी. महाराष्ट्राच्या शेतकऱ्यास आकडा मिळाला, पण त्या आकड्याशी बोलता येत नव्हते. अडत्याकडून घेतलेली उचल, ठरलेली मोटार, जवळचा एकच बाजार, हे सर्व पूर्ववत् असताना तीस कोसांवरील भाव कळून तो काय करणार? शिवाय ‘उठाव कमी’ हे कोणत्या प्रतीच्या मालास, सकाळी की दुपारी, हे न उच्चारलेले अर्धे वाक्य त्या संदेशात येत नव्हते. सेवा निरुपयोगी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण शेतकरी आपल्या कित्येक निर्णयांचा संबंध तिच्याशी जोडीत, असेही त्याच अभ्यासात नमूद आहे. परंतु ती सुधारलेली पट्टी होती, पार नव्हता.

पार आला तो व्हॉट्सॲपच्या गटांतून. येथे भाव विचारणारा, सांगणारा आणि ‘कुठल्या मालाला?’ म्हणून अडविणारा असे तिघेही एका ठिकाणी असतात. छायाचित्र आल्याने प्रतवारीचा वाद शब्दांशिवाय मिटतो. ज्यांस लिहिण्याचा सराव नाही ते बोलून निरोप पाठवितात, आणि मंडईतील विक्रेत्या स्त्रियांच्या दृष्टीने ही सोय लिपीच्या सर्व वादांपेक्षा मोलाची आहे. तिचे मोल २०२० मध्ये कळले. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली, एप्रिलात गुलटेकडीचे बाजार बंद झाले, आणि शहरातील गृहसंस्थांच्या गटांवर भाजीच्या याद्या फिरू लागल्या. ‘ताई, मेथी २, कोथिंबीर १, टोमॅटो २ किलो, बी विंग’, अशा याद्यांत मंडईची तुटक वाक्यरचना मध्यमवर्गीय घरांत आपोआप रूढ झाली. बाजार बंद होता, त्याची बोली चालू होती. शेतकऱ्याची गाडी फाटकापर्यंत येई. त्यांतील सर्वच व्यवस्था पुढे टिकल्या नाहीत. परंतु त्या दोन महिन्यांत पुष्कळ कुटुंबांची भाजी केवळ चार शब्दांच्या निरोपावर आली, ही गोष्ट सामाजिक इतिहासात नोंदण्याजोगी आहे.

याच साधनाची दुसरी बाजू पुण्याने त्याआधीच पाहिली होती. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडील लोकांवर हल्ले होणार अशा आशयाचे एसएमएस पसरले, आणि बंगळूर, पुणे इत्यादी शहरांतून हजारो विद्यार्थी व कामगार मिळेल त्या गाडीने निघून गेले. एकाच वेळी पाचांहून अधिक जणांस एसएमएस पाठविण्यावर केंद्र सरकारने त्या महिन्यात काही दिवस बंदी घातली. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. त्यामागे मोबाइलवरून पसरलेल्या अफवा होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल असे बंधन घातले. दोन्ही प्रसंगी उपाय आकड्याचा योजला गेला, पाचाचा. जणू दोष संख्येत होता. परंतु हे संदेश घातक ठरले ते अनेकांस गेले म्हणून नव्हे. ते ज्या ठिकाणी लिहिले गेले तेथून सुटले होते, आणि वाचणाऱ्यास लिहिणाऱ्याचा गाळा ठाऊक नव्हता. ‘सावध राहा, टोळी आली आहे’ हेही बाजारी वाक्यासारखेच अर्धे वाक्य आहे. फरक इतकाच की उरलेला अर्धा भाग सामायिक जागेने न पुरविता भयाने पुरविला. मंडईत अफवा उठत नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. पण तेथे अफवा उठविणारा दुसऱ्या दिवशी सापडे.

या सर्व बोलीचा पुरावा मात्र झपाट्याने नाहीसा होत आहे. पट्ट्या हिशेब मिटताच फेकल्या गेल्या. वार्ताफलक रोज सकाळी पुसला जातो. १४ जुलै २०१३ रोजी शेवटची तार घेतली गेली, तेव्हा काही लोकांनी आठवण म्हणून स्वतःसच तारा पाठविल्या. गटांवरील भावांच्या निरोपांस तेवढेही भाग्य नाही, कारण फोन बदलला की ते जातात. नंदभाषेतील पोकू आणि मुळू आज ठाऊक आहेत ते एका कोशकाराने ते टिपून ठेवले म्हणून. २००७ ते २०२० या काळात पुण्याच्या बाजारात भाव कसा लिहिला जात होता, रोमन लिपीतून देवनागरीकडे तो केव्हा वळला, ‘उठाव’ टिकला की त्याची जागा दुसऱ्या शब्दाने घेतली, हे सांगू शकतील अशी माणसे अजून गाळ्यांवर बसलेली आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या खणांत जुने बटणांचे फोनही आहेत.